रूढी सिद्ध कोणी करायची?

छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबातला वाद. आजोबांना सहा मुलं, पाच मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या वारसांनी आजोळच्या जमिनीत आईचा वाटा मागितला, १९९२ साली मामांच्या बाजूने नकार आला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने त्यांना सांगितलं, तुमच्या जमातीत मुलीला वाटा देतात अशी रूढी असेल तर ती सिद्ध करा. त्यांना ते जमलं नाही. दावा फेटाळला गेला. अपिलात तेच झालं, २०२२ साली उच्च न्यायालयातही तेच झालं. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘राम चरण विरुद्ध सुखराम’ या निकालात प्रश्नच उलटा केला. मुलीला वाटा देत नाहीत, अशी रूढी तरी कोणी सिद्ध केली आहे का? कोणीच केली नव्हती. सगळ्यांनी ती धरून चालली होती.

या निकालावर जे लिहून आलं त्यात राज्यघटनेच्या कलम १४ ची, समानतेची चर्चा भरपूर झाली. ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्यातला पुराव्याच्या ओझ्याचा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. रूढीने चालणाऱ्या वारसाहक्कात खरी मेख तिथे आहे. ‘आमच्यात मुलींना जमीन देत नाहीत’ हे वाक्य बोलणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. ‘आमच्यात देतात’ म्हणणारीने मात्र साक्षीदार आणायचे, दाखले द्यायचे, चार पिढ्यांची नावं पाठ म्हणून दाखवायची. मुलीला वगळायचं असेल तर वगळणाऱ्याने रूढी सिद्ध करावी, आणि करायची तर ती अख्खी सिद्ध करावी, सोयीची अर्धी नव्हे, एवढंच मला या लेखात म्हणायचं आहे. अख्खी म्हणजे काय, तिकडे येतोच.

आधी कायद्याची चौकट. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्याचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून वेगळं ठरवल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. हेतू वाईट नव्हता. जमातींच्या चालीरीतींवर वरून हिंदू कायदा लादू नये, असा तो होता. झालं असं की बाहेर कायदा पुढे सरकत गेला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे मुलग्यांसारखं वाटेकरी केलं, तेही त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तसा बदल झाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ‘विनीता शर्मा’ निकालाने हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली बाप हयात होता की नाही याने फरक पडत नाही, असं स्पष्ट केलं. या तिन्ही वेळी तलासरीची, धडगावची, एटापल्लीची मुलगी दाराबाहेरच राहिली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटी पाच लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांहून जास्त आहे. उत्तराखंडने समान नागरी संहितेचा मोठा गाजावाजा केला, तिच्यातूनही अनुसूचित जमाती वगळलेल्या आहेत. ‘समान’ म्हणताना कोण आठवत नाही, हे त्यावरून कळतं.

बरं, कायदा लागू नाही, म्हणजे रूढी लागू. आणि रूढी सापडलीच नाही तर? छत्तीसगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८७५ च्या मध्य प्रांत कायद्याचा आधार घेतला. रूढी नसेल तिथे न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक यांना धरून निकाल द्यावा, असं तो सांगतो. हे विदर्भातल्या वाचकाला परकं वाटू नये. नागपूर, भंडारा, वर्धा आणि आजचा गडचिरोली ज्यातून निघाला तो चांदा जिल्हा त्याच मध्य प्रांतात होता. आणखी एक गंमत, खरं तर गंमत म्हणवत नाही. त्या मुलीच्या वारसांनी सुरुवातीला ‘आम्ही हिंदू चालीरीती स्वीकारल्या आहेत’ असाही युक्तिवाद केला होता. तो फेटाळला गेला. म्हणजे आईची जमीन मिळवण्यासाठी माणसाला आधी आपण गोंड उरलो नाही असं सांगून पाहावं लागलं.

रूढी म्हणजे काय, हे ठरवतं कोण? पुराव्याच्या कायद्यात रूढीबद्दल ‘जाणत्या’ माणसांचं मत ग्राह्य धरण्याची सोय १८७२ पासून आहे. आता हे जाणते कोण, ते डोळ्यांसमोर आणा. पाटील, पोलीसपाटील, जातपंचायतीतले म्हातारे, भाऊबंद. ज्यांना जमीन मिळाली आहे तेच सांगणार की जमीन कोणाला मिळते. मी तालुक्याच्या कोर्टात बसून अशा साक्षी ऐकल्या आहेत. ‘आमच्यात पहिल्यापासून असंच आहे.’ पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, असा उलटा प्रश्न क्वचित येतो. आला तर साक्षीदार वकिलाकडे बघतो.

हा प्रकार जुना आहे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातीजातींचे कायदे आणि रीती गोळा केल्या, १८२७ च्या सुमारास त्याचं पुस्तक झालं. त्याच साली मुंबई इलाख्याच्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशाला सांगितलं की आधी सरकारी कायदा पाहा, तो नसेल तर देशाची रूढी पाहा. रूढी लिहून घ्यायची म्हटलं की ती सांगणारा लागतो, आणि साहेबाच्या तंबूपुढे जातीच्या वतीने बोलायला बायका गेल्या नसणार, हे सांगायला संशोधन लागत नाही. लिहून घेतलेली रूढी मग गोठते. गावात ती वाकायची, अडल्या-नडल्याला वाट द्यायची. कागदावर आली की कलम होते.

आणि कधी कधी रूढी म्हणून जे आपण मिरवतो ते सरकारनेच केलेलं असतं. महाराष्ट्रातल्या जुन्या वतनदार घरांत आजही अभिमानाने सांगतात, ‘वतन लेकीकडे जात नाही, ही घराण्याची रीत.’ मुंबई इलाख्याचा वंशपरंपरागत वतनांचा कायदा १८७४ चा. त्यात १८८६ च्या पाचव्या कायद्याने दुरुस्ती झाली. शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून घरातली प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणारा प्रत्येक जण, घराण्यातल्या पात्र पुरुषांच्या मागे ढकलला गेला. हे कोणा ऋषीने सांगितलेलं नाही, मुंबईच्या विधिमंडळाने केलं. त्याआधी काय होतं? मुंबई इलाख्यात व्यवहारमयूख या धर्मशास्त्राच्या ग्रंथाला मान होता आणि त्याला धरून चालणाऱ्या शाखेने बहिणीला वारसांत जागा दिली होती, वारसाने आलेल्या मिळकतीवर मुलीची पूर्ण मालकीही मानली होती. इतर प्रांतांत मुलीला मिळे तो फक्त हयातीपुरता उपभोग. म्हणजे आमची ‘सनातन’ रीत निदान थोडी मागे सरकलेली होती, आणि तिला मागे सरकवणारा हात सरकारी होता. वतनं स्वातंत्र्यानंतर रद्द झाली, तरी वाक्य शिल्लक आहे.

आता अख्ख्या रूढीबद्दल.

माझे आजोबा वारले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. भटजी थांबले, माणसं कुजबुजू लागली. शेवटी थोरले काका पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, ‘तात्या, बहिणींना अंतर देणार नाही. त्यांचं माहेर मी बघीन.’ कावळा आला. आत्या पदराने डोळे पुसत होत्या. त्यानंतर सातबारावर काकांचं नाव लागलं आणि पुढे तीन अक्षरं आली, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. ज्यांनी जुने सातबारा पाहिले आहेत त्यांना ही अक्षरं ठाऊक असतील. बाकीच्या वारसांची नावं लावायची नाहीत, सगळ्यांच्या वतीने थोरल्याचं नाव.

काकांनी शब्द पाळला. आत्यांची बाळंतपणं, त्यांच्या मुलांची शाळा, एकीचा नवरा दारू पिऊन गेल्यावर तिला दोन वर्षं घरात ठेवणं, भाऊबीज, सुगीची पोती. हे सगळं त्या जमिनीच्या उत्पन्नातून झालं आणि कोणी हिशेब मागितला नाही, कारण हिशेब दिसत होता. मग काका गेले. काकांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. चुलतभावाने आत्यांना तालुक्याला नेलं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले, येताना साडीच्या दुकानात थांबला. पुढे जमिनीतून रस्ता गेला, मोबदला आला, तोही त्याच्याच खात्यावर. थोरल्या आत्याला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला पैसे लागले तेव्हा तो म्हणाला, ‘आमच्यात मुलींना जमीन देत नाहीत.’ खरं आहे, आमच्यात देत नव्हते. पण आमच्यात घाटावर शब्द द्यायचे, तोही रूढीतलाच होता. फेरफारात तीन अक्षरं चढली, शब्द चढला नाही.

रूढीच्या वारसाहक्काचं समर्थन करणारे शहाणे लोक नेहमी हेच सांगतात, आणि ते खोटं नाही, की रूढी मिळकत देत नव्हती, जबाबदारी देत होती. वारस हा मालक नव्हे, कारभारी. मेघालयातल्या खासी समाजात वारसा धाकट्या मुलीकडे, ‘का खद्दूह’कडे जातो, तीही घराची, म्हाताऱ्यांची, धर्मकृत्यांची सांभाळकरीण असते आणि कारभारात मामाचा शब्द असतो. तिला मनात येईल तसं विकता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत थोरल्या मुलाकडे, तो नसेल तर जवळच्या पुरुष नातेवाइकाकडे वारसा जाई. तो गेलेल्या माणसाच्या ‘जागी उभा’ राही आणि घरातल्या सगळ्यांना पोसणं त्याच्यावर येई. एकत्र राहणारं कुटुंब, एकाच कणगीतून खाणारी माणसं, अशी घडी होती तोवर त्यात एक न्याय होता. पुरुषांना झुकतं माप होतं, पण न्याय होता. घडी मोडली. मुलगा शहरात गेला, जमिनीला बाजारभाव आला. हक्क राहिला, जबाबदारी गळून पडली.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयापुढे २००४ साली हेच आलं. केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एक माणूस वारला. मागे दोन लहान मुली, एक नऊ वर्षांची, एक दोन. त्यांची आई घरकाम करणारी. मिळकत म्हणजे जमिनीचा तुकडा, त्यावरची झोपडी, थोडं सामान. रूढीप्रमाणे वारस ठरला मुलींचा आजोबा, दूर दुसऱ्या प्रांतात राहणारा. अंत्यविधीचा खर्च भागवायला ती जागा विकणार असल्याचं त्याने सांगितलं. म्हणजे मुलींना पोसण्यासाठी ज्याला वारस नेमायचं, तो वारस म्हणून त्यांचं छप्पर काढणार. त्याच्याच जोडीला दुसरं प्रकरण होतं. एका बाईचा भाऊ वारला होता, बायको-मुलं नव्हती. बहीण जवळची, पण मिळकतीचा कारभार सरकारने एका चुलतभावाला दिला. त्याने पैशाचा अपहार केला. मग दुसऱ्या चुलतभावाला एकमेव वारस ठरवण्यात आलं! न्यायालयाने १५ ऑक्टोबर २००४ रोजी ही पुरुषज्येष्ठतेची पद्धत घटनाबाह्य ठरवली. निकाल उपमुख्य न्यायाधीश पायस लांगा यांचा. त्यांनी ‘अधिकृत’ रूढी आणि लोकांच्या जगण्यातली ‘जिवंत’ रूढी यांत फरक केला. अधिकृत रूढी ही पुस्तकांत आणि जुन्या निकालांत गोठलेली असते. जिवंत रूढी बदललेली असते, पुष्कळ घरांत विधवेला आणि मुलींना वाटा मिळतही असतो, पण कोर्टात जिंकते ती गोठलेली. न्यायमूर्ती न्गकोबो यांचं मत थोडं वेगळं पडलं. रूढी मोडण्याऐवजी तिला घटनेच्या दिशेने वाढवावं, थोरल्या मुलीलाही वारस होता यावं, असं त्यांचं म्हणणं. बहुमताने ते मानलं नाही, कारण एकेक खटला लढून रूढी वाढवत बसायला या मुलींच्या हाती वेळ कुठे होता? पुढे २००९ साली तिथल्या संसदेने रूढीच्या वारसाहक्कासाठी स्वतंत्र कायदा केला. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये मुलींना वगळणारी इग्बो रूढी घटनेशी विसंगत ठरवली.

आपल्याकडे याच प्रश्नावर १९९६ साली संधी आली होती. आजच्या झारखंडातल्या छोटा नागपूरच्या १९०८ च्या कुळकायद्यात वारसा फक्त पुरुषवंशाकडे जात होता. लेखिका मधु किश्वर आणि काही आदिवासी स्त्रियांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. अर्ज १९८२ चा, निकाल एप्रिल १९९६ चा. बहुमताने तरतूद रद्द केली नाही. फक्त इतकं म्हटलं की पुरुष वारला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायका उपजीविकेपुरती ती जमीन धरून ठेवू शकतील. न्यायमूर्ती रामस्वामी यांनी वेगळं मत देऊन आदिवासी स्त्रियांना वारसाहक्क मान्य केला. बहुमताला धास्ती होती ती गोंधळाची. एका फटक्यात सगळ्या जमातींच्या रूढी उलथल्या तर काय, ही काळजी मला समजते. पण उपजीविकेपुरती जमीन देणं म्हणजे बाईला आपल्याच बापाच्या रानात पाहुणी करून ठेवणं. भावांनी तिला हाकलायचं ठरवलं की त्यांना फक्त एक सिद्ध करावं लागतं, की ती आता त्या जमिनीवर अवलंबून नाही. आणि ती तिथे राहतच नसली तर सिद्ध करणं किती सोपं! झारखंडमध्ये डायन, सातपुड्यात डाकीण ठरवून एकट्या बाईला गावाबाहेर काढण्याच्या घटनांमागे पुष्कळदा जमिनीचा वाद असतो, हे त्या भागात काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये ओडिशातल्या एका आदिवासी स्त्रीने संपादित जमिनीच्या मोबदल्यात वाटा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने कलम २(२) कडे बोट दाखवून नकार दिला, आणि केंद्राने दुरुस्तीचा विचार करावा असं सुचवलं. २०२५ च्या जुलैत गोंड मुलीच्या वारसांना वाटा मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने हिमाचलच्या उच्च न्यायालयाचा एक जुना निर्देश रद्द केला. आदिवासी मुलींना हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वाटा द्यावा, असा तो निर्देश होता. वरवर पाहता हे निकाल एकमेकांच्या अंगावर येतात. नीट वाचले तर येत नाहीत. हिंदू कायदा तुम्हाला लागू नाही, हे एक. पण म्हणून तुमच्या रूढीत मुलगी नाहीच, असं आपोआप ठरत नाही, हे दुसरं. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. दुसरं अजून तलाठ्यापर्यंत पोचायचं आहे.

मग केंद्राने कलम २(२) मधली ती अधिसूचना जारी करून हिंदू कायदा आदिवासींना लागू करावा का? माझे काही मित्र असं म्हणतात. मी म्हणत नाही. ‘आम्ही हिंदू नाही’ हे आदिवासी संघटनांचं म्हणणं राजकारणापुरतं नाही, त्यांच्या देवा-गोताच्या, लग्नाच्या, मर्तिकाच्या रीती खरोखर वेगळ्या आहेत. वारल्यांच्या लग्नात धवलेरी बाई विधी लावते. असे अधिकार स्त्रीला देणाऱ्या समाजाला हिंदू एकत्र कुटुंबाची सहदायादी शिकवायला जाणं मला उद्धटपणाचं वाटतं. आणि तो कायदा स्वतः तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? त्याच्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली तर तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईबापांचा नंबर नंतर लागतो. ज्या सासरने तिला हाकललं त्यालाही. हा नमुना म्हणून कोणाला दाखवायचा?

तिकडे गोव्यात वेगळाच मार्ग आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून नवरा-बायकोची मिळकत सामाईक मानली जाते, मृत्युपत्रानेही निम्म्याहून जास्त मिळकत मुलांच्या हातून काढता येत नाही, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. वाटणीपूर्वी ‘इन्व्हेंटरी’ होते. कारभार पाहणारा कबेसा द कझाल, बहुधा मागे राहिलेला जोडीदार, त्याला मिळकतीची यादी द्यावी लागते, हिशेब द्यावा लागतो. आमच्या ए.कु.मॅ.ला हे कोणी कधी विचारलं? अर्थात गोव्यातही बहिणी हक्क सोडून सह्या करतातच, तेव्हा संहितेचा फार गौरव नको. पण कारभाऱ्याला हिशेब लावणं, ही त्यातली गोष्ट उचलण्याजोगी आहे.

सगळ्यात जोरकस आक्षेप जमिनीच्या परकेपणाचा. मुलीला जमीन दिली, तिने बिगर-आदिवासीशी लग्न केलं, की जमीन गेली. पालघर, नाशिकच्या पट्ट्यात जमिनींचे भाव पाहता ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सावकार, शेठ, आता फार्महाउसवाले, जमीन कशी जाते ते त्या लोकांनी पाहिलेलं आहे. पण ती गेली तेव्हा सातबारा कोणाच्या नावावर होता? पुरुषांच्याच. मुलगी मधे नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, दान द्यायला, गहाण ठेवायला बंधन घातलं आहे. ते जमीन पाहतं, मालक बाप्या की बाई हे पाहत नाही. एक भोक मात्र उरतं, आणि ते मान्य केलं पाहिजे. मुलगी वारली आणि नवरा वारस म्हणून उभा राहिला तर ती विक्री नसते. त्याला उपाय सरळ आहे. बिगर-आदिवासी जोडीदाराला हयातीपुरता उपभोग द्यावा, मालकी मुलांकडे किंवा परत माहेरच्या गोताकडे जावी. मुलं आदिवासी धरायची की नाही, हे ती कशी वाढली यावर ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलेलं आहेच. ज्या बाईने जमातीतच लग्न केलं, किंवा केलंच नाही, तिचा हक्क मात्र या भीतीपोटी का मारायचा? आणि बिगर-आदिवासी बाई करून आणणाऱ्या मुलाचा हक्क तर याच तर्काने कोणी काढून घेत नाही.

रूढीतही दारं आहेत. गोंडांत लमसेना असतो. सासऱ्याच्या घरी राहून राबतो, लग्न करतो. संथाळांत घरजावई करून घेतला की मुलीचं घर बापाच्या शेतावर उभं राहतं. म्हणजे मुलीच्या हाती जमीन जाणं या समाजांना अगदी अनोळखी नाही. गरज पडली की दार उघडतं. त्या दाराची किल्ली फक्त पुरुषांच्या कमरेला का, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून रूढी लिहायची असेल तर आता गावाने लिहावी, आणि भर ग्रामसभेत. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा, तंटे रीतीप्रमाणे सोडवण्याचा अधिकार देतात. पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने सर्वसहमतीने जंगलाचा आणि जमिनीचा निर्णय घेऊन दाखवला आहे, तेव्हा गाव हे करू शकत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. वारसाच्या रीतीवरचा ठराव बायका पुरेशा संख्येने हजर असल्याशिवाय झाला तर तो पुरावा म्हणून कोर्टाने उभाच करू नये. आणि त्या ठरावात जबाबदारी लिहावी. जमीन एकाकडे ठेवायची असेल तर म्हातारीला कोण सांभाळणार, परत आलेल्या बहिणीला कुठलं घर, मोबदला आला तर तो कोणाकोणाच्या खात्यावर. हे लिहायला कोणी तयार नसेल तर मग वाटण्या सारख्या. ‘रूढी’ म्हणून अर्धं वाक्य चालणार नाही.

महसूल खात्याने तर आजच करण्यासारखं काम आहे. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावायला घेतली, हे चांगलंच झालं. आदिवासी खातेदारांचे वारस नोंदवताना मुलींची नावं ‘त्यांच्यात नसतं’ म्हणून गाळायची नाहीत, गाळायची तर कोणत्या सिद्ध रूढीने ते फेरफारात लिहायचं, एवढी एक ओळ परिपत्रकात घातली तर ‘राम चरण’ निकाल गावात पोचेल. हक्कसोडपत्रावर अंगठा घेताना बाईला सोडत असलेल्या मिळकतीचा गट नंबर, क्षेत्र आणि सरकारी मूल्य तिच्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक करायला नवा कायदाही लागू नये.

याची तयारी नकळत एका कायद्याने करून ठेवली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जोडप्याला पट्टा मिळाला तर तो दोघांच्या नावाने नोंदवायचा, आणि तो वारसाने जातो पण विकता येत नाही, असं कलम ४(४) म्हणतं. धडगावच्या डोंगरात किंवा एटापल्लीच्या जंगलात पत्र्याच्या पेटीत असे पट्टे ठेवलेले आहेत. नवऱ्याचं नाव, खाली बायकोचं नाव. तेव्हा कोणी रूढी बुडाल्याची तक्रार केली नाही. त्याच पेटीत, त्याच घडीच्या खाली, बाईच्या बापाच्या शेताचा सातबारा असला तर त्यावर तिच्या भावांची नावं असतात. एक कागद सरकारने दिला म्हणून त्यावर तिचं नाव आहे. दुसरा बापाकडून आला, त्यावर नाही, आणि का नाही याचा पुरावा अजून कोणी दिलेला नाही.